वकिलाने फाईल अडवली तर तक्रार करता येते

‘सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल! आता वकिलाविरुद्ध कुठेही तक्रार करता येणार नाही. फी थकली तर तो कागदपत्रे ठेवून घेऊ शकतो. त्याच्या एनओसीशिवाय दुसरा वकील करता येत नाही. आणि बार कौन्सिल वकिलांचीच, ती काय करणार?’ हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. वाटणीच्या दाव्यात तिने आपल्या वकिलाकडे मूळ खरेदीखत दिलेले आहे. आता ते गेलेच असे धरून ती गप्प बसली. असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

१४ मे २०२४ च्या त्या निकालाने एवढेच ठरवले, की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येणार नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचे कलम ३५ जागच्या जागी आहे. त्यानुसार राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार करता येते. गैरवर्तन सिद्ध झाले तर ताकीद, ठरावीक काळ वकिली बंद किंवा सनद कायमची रद्द, यांपैकी शिक्षा होऊ शकते.

सगळ्यात घातक थाप कागदपत्रांची. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने ९७,१०० रुपये फी येणे आहे म्हणून बँकेच्या फायली अडवून धरल्या होत्या. त्या वकिलाच्या, म्हणजे आर. डी. सक्सेना यांच्या खटल्यात २००० साली सुप्रीम कोर्टाने निःसंदिग्ध सांगितले: थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवता येत नाही, अडवली तर ते व्यावसायिक गैरवर्तन. फी खरोखर राहिली असेल तर त्याने वसुलीचा दावा लावावा. शिक्षा तेवढी कोर्टाने ताकिदीवर आणली, पण कायदा तेव्हापासून पक्का आहे. पोचपावती मिळेल अशा टपालाने पत्र पाठवून फाईल मागायची. नाहीच दिली, तर त्या पत्राची प्रत तक्रारीला जोडायची.

एनओसीचे, म्हणजे जुन्या वकिलाच्या ना-हरकतीचे, अर्धे खरे आहे. नव्या वकिलाला आधीच्याची संमती लागते. पण ती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घेता येते.

बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीत वकीलच असतात, हेही मान्य. तक्रारी रेंगाळतात, हेही मान्य. पण एका वर्षात निकाल लागला नाही तर कलम ३६ब नुसार प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. राज्याच्या समितीने दिलेला निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत तिथेच अपील, आणि त्यावर शेवटचे अपील सुप्रीम कोर्टात.