‘फटी बुजवून काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. उंदरांसाठी भोकं बुजवण्यावर पैसे घालवू नका, उंदीर सिमेंटसुद्धा कुरतडतो. त्यापेक्षा पुदिन्याच्या तेलाचे बोळे ठेवा, कोपऱ्यात डांबर गोळ्या टाका, प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र आणा, नाहीतर मांजर पाळा. बीळ सापडलं तर धान्यात ठेवायची गोळी टाकून तोंड बंद करा. आणि शेवटी भीती घातलेली असते की फटी बंद केल्या तर उंदीर आतच मरतील आणि घरभर घाण सुटेल.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण हे वाचून लोक टिकाऊ काम सोडून देतात आणि घरात विष आणून ठेवतात, म्हणून गप्प बसवत नाही.

‘उंदीर सिमेंट कुरतडतो, मग बुजवून उपयोग काय?’

ओलं सिमेंट कुरतडतो, हे खरं आहे. वाळू जास्त आणि सिमेंट नावाला अशा गिलाव्यालाही तो भगदाड पाडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि लाकूड, प्लास्टिक, शिसं, पातळ ॲल्युमिनियम त्यांच्यापुढे टिकत नाही. पण दात रोवायला त्याला कड लागते. नीट घट्ट झालेल्या, सपाट घोटलेल्या चांगल्या सिमेंटवर त्याला पकडच मिळत नाही. काम फसतं ते बहुतेक वेळा पहिल्याच रात्री, कारण संध्याकाळी भोक लिंपलं आणि तसंच उघडं सोडलं. त्यावर रात्रभर पत्र्याचा तुकडा किंवा फरशी टेकवून ठेवावी. गावाकडे घुशीचं बीळ बुजवताना मालात फुटक्या काचा घालतात, ती पद्धत उगाच पडलेली नाही.

फसण्याचं दुसरं कारण म्हणजे भोक भलतंच बुजवलेलं असतं. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. मोठ्या उंदराला १२ मिलिमीटर, अर्धा इंच पुरतो. लोक मुठीएवढं भगदाड शोधत बसतात आणि दाराखालून करंगळी सहज सरकते तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

स्वयंपाकघरात ओट्याखालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढा आणि बॅटरी घेऊन सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे बघा. प्लंबरने पाइपापेक्षा मोठं भोक पाडलेलं असतं आणि त्यावर प्लास्टिकची गोल चकती सरकवून दिलेली असते. चकती मागे ओढली की आतला अंधार दिसतो. भोकाच्या खालच्या कडेला काळपट, तेलकट डाग असेल तर तो उंदराच्या अंगाचा, रोजच्या येण्याजाण्याने पडलेला. खात्री करायची असेल तर कागदाचा बोळा सैलसर बसवून ठेवा. सकाळी तो खाली पडलेला दिसला तर रस्ता चालू आहे.

अशा भोकात स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी स्क्रूड्रायव्हरने गच्च दाबायची आणि वरून सिमेंट घोटायचं. साध्या लोखंडी तारेची नको, मोरीच्या ओलीत ती गंजून भुगा होते. डब्यातून फवारायचा फोम एकटा वापरू नका, उंदीर तो सहज पोखरतो. एसीच्या नळीचं भोक, केबलवाल्याने खिडकीच्या चौकटीत पाडलेलं भोक, मोरीची उचकटलेली जाळी आणि एक्झॉस्ट फॅनमागची मोकळी जागा याच क्रमाने तपासा. दाराखाली जाड ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून घ्या. कौलारू घरात वळचणीला भिंत आणि वासे यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बारीक तारेची जाळी लागते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. घूस खालून जमीन उकरते, पण काळा उंदीर पट्टीचा चढणारा आहे. डक्टमधले पाइप आणि केबली हा त्याचा जिना आहे.

‘पुदिन्याच्या वासाने पळतात.’

गटारात, कचऱ्याच्या ढिगात राहणारा प्राणी तेलाच्या चार थेंबांनी घर सोडत नाही. वास दोन दिवसांत उडतो, तोवर फार तर वाट बदलते. पुदिन्यात निदान धोका नाही. डांबर गोळ्यांचं तसं नाही. लहान मुलं त्या खडीसाखरेसारख्या तोंडात टाकतात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी डांबर गोळीतल्या नॅफ्थॅलीनने फुटू लागतात. तान्ह्या बाळाला गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळल्यानेही हे घडलेलं आहे. रांगतं मूल असलेल्या घरात जमिनीवर ही गोळी नकोच.

‘यंत्राच्या आवाजाने येत नाहीत.’

हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही इतक्या वरच्या पट्टीचा असतो. तो भिंतीपलीकडे जात नाही आणि कपाटामागे, ओट्याखाली, म्हणजे नेमक्या उंदराच्या जागी पोहोचत नाही. जिथे पोहोचतो तिथे उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना शास्त्रीय पुराव्याशिवाय दावे करू नका, असं बजावलं होतं.

‘मांजर पाळा.’

मांजर आवडत असेल तर जरूर पाळा. पण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचरा केंद्रात भटक्या मांजरांवर कॅमेरे लावून पाहणी झाली. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ७९ दिवसांत मांजरांनी मारलेले मोठे उंदीर होते २. मांजर दिसली की उंदीर लपून राहतात, म्हणून ते कमी झाल्यासारखे वाटतात.

‘बिळात गोळी टाकून तोंड बंद करा.’

मेसेजमधलं हे वाक्य जीव घेऊ शकतं. धान्यात ठेवायची गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. बिळाचं एक तोंड तुम्ही बंद केलंत, पण दुसरं कुठे उघडतं हे तुम्हाला माहीत नसतं. ते शेजारच्या खोलीत, झोपलेल्या मुलाच्या पलंगाखालीही असू शकतं. ही गोळी घरी वापरायला परवानगीच नाही, ती सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आहे. किराणा दुकानात सुटी मिळते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचंही तेच. पोटात गेली की आधी माणूस बरा वाटतो आणि काही दिवसांनी यकृत निकामी होतं. हा मेसेज पुढे पाठवला असेल तर निदान हे एवढं वाक्य चुकीचं आहे, असं त्याच ग्रुपवर लिहा.

‘फटी बंद केल्या तर उंदीर आत मरतील.’

या भीतीत तथ्य आहे, पण तिचं उत्तर क्रमात आहे. आधी बाहेरून येणाऱ्या वाटा बंद करायच्या. आतले राहिलेले पिंजऱ्यात किंवा चापात पकडायचे, आणि चाप भिंतीला लागून ठेवायचा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. सलग काही रात्री पीठ भुरभुरून ठेवलं आणि पाऊल उमटलं नाही, की माळ्यावरची आणि कपाटामागची आतली भोकं लिंपायची. आत मरून वास सुटतो तो विष घातल्यावर, कारण विष खाल्लेला उंदीर कुठे जाऊन मरेल हे आपल्या हातात नसतं.

एवढं झाल्यावर ओट्याखालच्या लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नका. जंतुनाशकाचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा, मग हातमोजे घालून पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार) पसरतो, आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिलेला आहे. डक्टमधली भोकं मात्र एकट्याने बुजवून भागत नाहीत. गवंडी एकदाच बोलवा आणि तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक घराचा पाइप त्याच दिवशी लिंपून घ्या.