पगार नव्हे, रविवार
एका लेखात म्हटलंय, परदेशी गेलेली मुलं पगारापायी तिकडे रमतात. मला नाही पटलं. आमची लेक जर्मनीत म्युनिकला असते. मी कोथरूडहून दोनदा जाऊन राहून आले. पगाराचं ती क्वचित बोलते, रविवारचं मात्र भरभरून. दुकानं बंद, हॉर्न नाही, उन्हाळ्यात सगळी मंडळी इसार नदीकाठी. शनिवारी पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या सुपरमार्केटच्या मशीनमध्ये एकेक सरकवायच्या, बाटलीमागे घेताना भरलेली २५ सेंट अनामत परत. चिठ्ठी येते, ती बिलातून वजा. जावईबापू त्यातच खूश! (आपला भंगारवाला दारात येतो, हे मी ऐकवलंच.) रविवारी कोथिंबीर संपली, की मात्र लेकीला आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली आठवते.