शंभर पझल्स, नव्वद दिवस आणि फुकट गेलेला एक घोडा

परवा रात्री साडेअकराला बहिणीचा मेसेज आला. "दादा, हे वाच. उद्यापासून चिन्मयला हेच करायला लावणार आहे." खाली ते फॉरवर्ड. महिनाभरात ते मला तीन ग्रुपांवर आलं होतं आणि तिन्ही वेळा मी ते अंगठ्याने वर ढकलून दिलं होतं. बुद्धिबळाच्या पालकांच्या ग्रुपवर असलं काही ना काही येतच असतं, प्रत्येकाशी भांडत बसलो तर खेळायचं कधी? पण आता ते घरात शिरलंय आणि भाच्याच्या सुट्टीच्या वेळापत्रकात जाऊन बसलंय. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ज्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी त्यातला ऐवज सांगतो. मध्यम पातळीच्या, म्हणजे साधारण १२०० ते १७०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) खेळाडूने रोज १०० टॅक्टिक्स पझल्स, म्हणजे दोन-चार खेळ्यांत मात किंवा सोंगटी मिळवून देणारी कोडी, सोडवावीत. एका पझलला दहाच सेकंद द्यावेत, कारण "ग्रँडमास्टर विचार करत नाहीत, त्यांना पॅटर्न दिसतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय". चुकलेलं पझल पुन्हा पाहू नये, मनात निगेटिव्हिटी साठते. ओपनिंग (डावाची सुरुवात) आणि एंडगेमवर (मोजक्या सोंगट्या उरलेला शेवट) वेळ घालवू नये, कारण बुद्धिबळ म्हणजे ९९ टक्के टॅक्टिक्स. ॲपवरचं पझल रेटिंग हीच खरी ताकद. असं ९० दिवस केलं की रेटिंग ४०० ने वाढणारच. जाता जाता गणिताचे मार्कही वाढतात म्हणे. आणि सगळ्यात खाली कोर्सची लिंक, हे काय वेगळं सांगायला हवं?

दहा सेकंदांपासून सुरुवात करतो, सगळ्यात जास्त नासधूस तिथेच आहे.

चिन्मय हे कुणी न सांगताही करत होताच. तीन मिनिटांत जितकी सुटतील तितकी पझल्स सोडवायची, असा तो खेळ असतो. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर त्याला पझल स्टॉर्म म्हणतात, चेस डॉट कॉमवर पझल रश. त्यात पठ्ठ्या तरबेज. मागच्या महिन्यात एका रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत त्याच्याकडे पांढरी होती, समोर एक मुलगी. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मग याचा घोडा एफ३, तिचा घोडा सी६ (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी). याचा उंट सी४, तिचं प्यादं डी६. याचा दुसरा घोडा सी३, आणि तिचा उंट जी४ वर येऊन बसला. एफ३ चा घोडा हलला तर मागचा वजीर जातो, अशी पिन.

चिन्मयचे डोळे लकाकले असणार. लेगालची मात! हा लेगाल अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, फिलिडोर या त्या काळच्या नामांकित खेळाडूचा गुरू. पिन झालेल्या घोड्याने बेधडक ई५ चं प्यादं मारायचं. समोरच्याने हावरटपणे डी१ चा वजीर खाल्ला की उंटाने एफ७ वर शह, राजाला ई७ शिवाय जागा नाही, दुसरा घोडा डी५ वर आणि मात. पझल्समध्ये ही मात त्याने पन्नासदा तरी दिली असेल. घड्याळात तेरा मिनिटं शिल्लक होती. याने चार सेकंदांत घोडा उचलला.

समोरच्या मुलीने वजिराकडे पाहिलंही नाही. सी६ च्या घोड्याने तिने ई५ वरचा घोडा मारला. खलास. तो घोडा आता जी४ च्या उंटाला जोरही देतो, त्यामुळे वजिराने उंट घ्यायचीही सोय नाही. एका प्याद्याच्या बदल्यात आख्खा घोडा गेला आणि पुढच्या वीस खेळ्या नुसतं फरपटणं.

पझलमधल्या पटावर सी६ ला घोडा नसतो. तिथे काळ्याने त्याऐवजी जी६ सारखी निवांत खेळी केलेली असते. बाकी पट तोच, चित्र तेच. फरक एका घोड्याचा, आणि तो दिसायला एकच प्रश्न विचारावा लागतो: यावर समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर काय? चिन्मयने समोरच्याचं सगळ्यात वाईट उत्तर धरलं होतं, कारण पझलमध्ये तेच पाहायची सवय झाली होती.

खरी गंमत तर पुढे आहे. त्याच पटावर आधी एच३ खेळून उंटाला हटकलं असतं तर? उंट पिन सोडायची नाही म्हणून एच५ ला गेला, तर आता घोड्याने ई५ मारणं चालतं. काळ्याने घोड्याने घोडा मारला की आपला वजीर एच५ चा उंट घेतो, कारण ई५ चा घोडा जी४ ला जोर देतो, एच५ ला नाही. मग तो घोडा सी४ चा उंट खातो, आपण वजिराने बी५ वर शह देतो आणि तो घोडाही उचलतो. हिशेब केला तर एक प्यादं जास्त. एका घराच्या फरकाने चूक असलेली खेळी बरोबर होते. त्या संध्याकाळी हे शोधायला आम्हाला मामा-भाच्यांना मिळून पाऊण तास लागला. फॉरवर्डच्या हिशेबाने तेवढ्या वेळात दोनशे सत्तर पझल्स झाली असती.

आता ते "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय". कुठल्या शास्त्रज्ञांनी, हे फॉरवर्डमध्ये नाही, पण रोख कुठे आहे ते कळतं. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे खेळाडूंच्या विचार करण्याच्या पद्धतीवर काम केलं. तो धागा पकडून १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी प्रयोग केला. (हो, आडनाव चेसच. हे सायमन म्हणजे पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले.) खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवायचा, झाकायचा आणि आठवून सोंगट्या मांडायला लावायच्या. मास्टरने पहिल्या झटक्यात सुमारे १६ सोंगट्या बरोबर मांडल्या, चांगल्या क्लब खेळाडूने ८ च्या आसपास, नवशिक्याने ४. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या, तर मास्टरचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती, ओळख दांडगी होती.

इथवर फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे. पॅटर्न ही खरी गोष्ट आहे, मान्य. पण प्रयोगात विचारलं काय होतं, ते पाहा. "सोंगट्या कुठे होत्या, ते मांड", एवढंच. "आता कुठली खेळी करशील?" हा प्रश्नच नव्हता. ओळख पटली की उमेदवार खेळी सुचते, ती चालते की नाही हे मोजावंच लागतं. चिन्मयलाही पॅटर्न दिसलाच होता की! चार सेकंदांत दिसला होता. शिवाय मुख्य तुलना तीनच माणसांची, आणि त्यातल्या मास्टरची ती ओळख वर्षानुवर्षं पूर्ण डाव खेळून, पाहून जमलेली. आणि ग्रँडमास्टर विचार करत नसतील, तर क्लासिकल, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या, डावात एका खेळीवर अर्धा-अर्धा तास काय करतात? डुलक्या काढतात?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. एका खेळीतली मात, मागच्या रांगेवरची मात, घोड्याचा साधा फोर्क (एकाच वेळी दोन सोंगट्यांवर हल्ला), असल्या गोष्टी डोळ्याला झटकन दिसायलाच हव्यात. त्यासाठी सोप्या पझल्सचा वेगवान रतीब उपयोगी पडतो. जेवणाआधी दहा मिनिटं खेळू द्या. त्याला अभ्यास म्हणू नका, एवढंच.

चुकलेलं पझल पाहू नका, हा मुद्दा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. चुकलेलं पझल हाच तर माल आहे! सुटलेल्या पझलने तुम्हाला येत होतं तेच पुन्हा सांगितलं. आणि विनोद असा की हा ४०० चा आकडा ज्या गोष्टीतून गळत गळत आला असावा, ती गोष्ट नेमकी उलट आहे. मायकल द ला माझा नावाच्या अमेरिकन हौशी खेळाडूने २००१ च्या सुमारास '४०० दिवसांत ४०० गुण' अशा मथळ्याचं लेखन केलं होतं. दिवस ४००, बरं का, ९० नव्हेत. त्याची पद्धत काय? हजारेक पझल्सचा एकच संच घ्यायचा आणि तोच सात वेळा सोडवायचा. पहिली फेरी ६४ दिवसांत, मग ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटची एका दिवसात. म्हणजे सगळा भर परत परत त्याच ठिकाणी येण्यावर. त्याने २००१ मध्ये वर्ल्ड ओपनचा २००० खालचा गट जिंकला, हे खरं. लवकरच खेळणं थांबवलं, हेही खरं. नोकरीधंदा, शाळा, क्लास सांभाळणाऱ्याला ती पद्धत झेपेल का, हा वेगळा वाद. पण जिथून आकडा उचलला तिथली मुख्य अटच काढून टाकायची, याला काय म्हणावं?

९९ टक्क्यांचं वाक्य रिखार्ड टाइखमन या जर्मन मास्टरच्या नावावर सांगितलं जातं. आमच्या पातळीवर बहुतेक डाव कुणीतरी काहीतरी फुकट दिल्यानेच संपतात, त्यामुळे त्यात अर्धं सत्य आहे. माझे स्वतःचे हरलेले डाव काढले तर मला तोंड वर करायला जागा नाही. पण त्यावरून "एंडगेम शिकू नका" हे कुठून निघालं?

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव. गुकेशकडे काळी, एक प्यादं जास्त, पण सगळे बरोबरीच धरून चाललेले. पंचावन्नाव्या खेळीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणला. हत्तींची मारामारी झाली, आणि मग गुकेशचा उंट डी५ वर. कोपऱ्यात अडकलेल्या पांढऱ्या उंटाला मारामारी टाळता येईना, उरली राजा-प्याद्यांची लढत, आणि ती काळ्याने जिंकलेली. यात टॅक्टिक किती? दोन खेळ्यांचं. पण उंट मारून उरणारा प्याद्यांचा शेवट जिंकलेला आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला ते टॅक्टिक दिसूनही उपयोग नाही. डाव झाल्यावर गुकेश म्हणाला की हत्ती एफ२ ला आला तेव्हा त्याच्या ते पटकन लक्षात आलं नव्हतं, तो दुसरीच हत्तीची खेळी करणार होता. जगज्जेता होऊ घातलेल्या मुलालाही क्षणभर दिसलं नाही, कारण "काळ्याची खेळी, काळा जिंकतो" अशी पाटी कुणी पटाखाली लावली नव्हती.

पझल रेटिंग फसतं तेही याच पाटीमुळे. लिचेसवर तुम्ही पझल सोडवलं की तुमचा आकडा वर जातो, पझलचा खाली येतो, जणू तुमचा त्या पझलशीच डाव झाला. गणित चोख आहे, पण तो सामना तुम्ही विरुद्ध पझल आहे, तुम्ही विरुद्ध माणूस नव्हे. तिथे घड्याळ नाही. जिंकणारी खेळी आहे हे आधीच ठाऊक. ती एकच आहे हेही ठाऊक. डावात चाळीसपैकी अडतीस खेळ्यांना असलं काहीच नसतं आणि उरलेल्या दोन कुठल्या, ते कुणी सांगत नाही. चिन्मयचं पझल रेटिंग २१०० आहे. स्पर्धेतलं १४६०. कुठला आकडा खरा, ते त्या मुलीला विचारा.

आणि ४०० गुणच हवे असतील तर पझलशिवायही मिळतात! १ मार्च २०२४ ला फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, रेटिंगचा तळ १४०० वर आणला आणि २००० च्या खाली असलेल्या सगळ्यांना २००० पासूनच्या अंतराच्या ४० टक्के गुण एकदाच वाढवून दिले. १००० चा खेळाडू एका रात्रीत १४०० झाला. पुरते चारशे. त्या सकाळीही लोक तेवढेच घोडे फुकट देत होते.

आता बहीण विचारणार, मग करायचं काय? आमचं सध्या असं चाललंय. रोज सहा ते आठ पझल्स, ॲपवर नाही, खऱ्या पटावर मांडून. सोंगटीला हात लावण्याआधी पूर्ण ओळ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खेळ्यांची साखळी, वहीत लिहायची, समोरच्याच्या सगळ्यात त्रासदायक उत्तरासकट. ओळ अर्धवट असेल तर पहिली खेळी बरोबर असूनही चूक धरायची. (यावरून दोनदा रुसवा झाला.) चुकलेली मागच्या पानांवर, रविवारी पुन्हा. आणि त्यात मी गुपचूप त्याच्याच डावांतले दोन पट घुसवतो जिथे काहीही नाही, नुसती साधी, शहाणी खेळी करायची. पहिल्या आठवड्यात त्याने अशा पटांवर तीन वजीर आणि दोन हत्ती बळी दिले.

नव्वद दिवसांत किती वाढेल, विचारू नका. मला माहीत नाही, आणि लिंकवाल्यालाही माहीत नाही.

हे सगळं बहिणीला काल पाठवलं. दोन तासांनी उत्तर आलं, "वाचलं रे. पण गणिताचं तरी खरं आहे ना?"

गणितासाठी त्याला गणितं सोडवायला बसव, असं कळवलंय.