फिल्मचे डबे कुणाच्या ताब्यात होते, यावर सगळं ठरलं

जुन्या अमेरिकन विनोदी मालिका पाहायच्या तर डिस्क विकत घ्या, असं मी म्हटलं की आमच्याकडची पोरं हसतात. "आई, आता सगळं यूट्यूबवर असतं गं." सगळं नसतं. आणि जे असतं ते पुष्कळदा कापलेलं, धुरकट, नाहीतर भलत्याच संगीताचं असतं. न्यू जर्सीत होतो तेव्हा तिथल्या पब्लिक लायब्ररीतून 'आय लव्ह लुसी'चे संच आणायचा नाद लागला, तो पुण्यात परत आल्यावरही सुटलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंटाळा येईल त्यांनी लाइक टाकून खुशाल पुढे जावं.

सुरुवातीच्या काळात टीव्ही म्हणजे नाटकाचा प्रयोग होता. झाला की झाला. बीबीसीची 'पिनराइट्स प्रोग्रेस' १९४६ साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट दाखवली जायची. जगातली पहिली सिटकॉम, म्हणजे त्याच त्या पात्रांची विनोदी मालिका, म्हणून तिचं नाव घेतात, पण आज पाहायला उरलेत ते फोटो. अमेरिकेतली पहिली 'मेरी के अँड जॉनी' (१९४७), तिचंही जवळजवळ सगळं गेलं. जे थोडंफार राहिलं ते किनेस्कोपवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून केलेलं चित्रण. न्यूयॉर्कचा कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावरही दाखवता यावा म्हणून केलेली ती सोय. दुधाची तहान ताकावर. तिकडचं प्रक्षेपण आटोपलं की ती फिल्म सांभाळायचं कुणाला काही कारणच नसायचं.

'आय लव्ह लुसी' मालिका वाचली ती एका हट्टामुळे. प्रायोजक फिलिप मॉरिस सिगारेटवाले. त्यांचं म्हणणं, न्यूयॉर्कला या आणि थेट कार्यक्रम करा. मालिकेत काम करणाऱ्या लुसील बॉल आणि देसी आर्नाझ या नवरा-बायकोला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. मग तोडगा निघाला: चित्रण ३५ मिमी फिल्मवर करायचं, प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून. कॅमेऱ्यामागे कार्ल फ्रॉइंट, जर्मन मूकपटांच्या जमान्यातला मुरलेला माणूस. खर्च वाढला, तेव्हा दोघांनी आठवड्याला १००० डॉलर कमी घ्यायचं कबूल केलं आणि बदल्यात एकच मागितलं: फिल्मची मालकी आमच्या कंपनीची. १५ ऑक्टोबर १९५१ ला पहिला भाग दाखवला गेला. पुढे हीच फिल्म त्यांनी सीबीएस या टीव्ही नेटवर्कला लाखो डॉलरना विकली. चॉकलेटच्या कारखान्यातला तो पट्टा, त्यावर धावत येणारी चॉकलेटं, तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये कोंबणाऱ्या लुसी आणि तिची मैत्रीण एथेल, हे आज सत्तरहून जास्त वर्षांनी लख्ख दिसतं ते या व्यवहारामुळे.

आता याची उलट बाजू. ड्यूमाँट नावाचं एक नेटवर्क होतं, १९५६ मध्ये बंद पडलं. त्यांच्या किनेस्कोपांचं काय झालं, ते अभिनेत्री एडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत सांगितलं. सत्तरच्या दशकात कंपनीची विक्री चालू असताना हा पसारा सांभाळायचा कुणी, यावर घोळ झाला आणि सगळे डबे ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवले. गंमत बघा, याच ड्यूमाँटने इलेक्ट्रॉनिकॅम नावाचं यंत्र काढलं होतं. एकाच लेन्समधून टीव्हीचं चित्र आणि फिल्म दोन्ही घेणारं. विनोदी अभिनेता जॅकी ग्लीसनने ते वापरून १९५५-५६ मध्ये 'द हनिमूनर्स'चे ३९ भाग केले, तेही सीबीएससाठी! ते भाग आज ब्ल्यू-रेवर चकचकीत मिळतात. ज्यांचं यंत्र, त्यांचा स्वतःचा माल मात्र पाण्यात.

'हनिमूनर्स' माझी फार लाडकी. ब्रुकलिनमधलं रॅल्फ क्रॅमडेनचं ते घर पाहिलं की मला आमची गिरगावातली चाळच आठवते. मधोमध टेबल, कोपऱ्यात बर्फाची पेटी, आणि केव्हाही दार ढकलून आत येणारा शेजारी नॉर्टन. बस ड्रायव्हर रॅल्फ बढाया मारतो, बायको ॲलिस हाताची घडी घालून शांतपणे एक वाक्य टाकते आणि त्याचा फुगा फुटतो. या ३९ भागांच्या आधीची स्किट्स, म्हणजे छोटे विनोदी प्रवेश, गेलीच असं लोक धरून चालले होते. ग्लीसनने त्यांचे किनेस्कोप स्वतःजवळ ठेवले होते. १९८५ मध्ये ते बाहेर काढले, पुढे डीव्हीडीवर आले. चित्र अर्थातच धूसर आहे, पण पाहायला मिळतात.

"मग यूट्यूबवर फुकट काय असतं?" असं विचाराल. अमेरिकेत १९६३ पर्यंतच्या कामांचा कॉपीराइट २८ व्या वर्षी नव्याने नोंदवावा लागायचा. अनेक मालिकांच्या मालकांनी ते केलंच नाही. 'बेव्हर्ली हिलबिलीज'चे सुरुवातीचे बरेच भाग असेच मोकळे झाले. लगेच स्वस्तातले संच निघाले, शंभर-शंभर भाग एका खोक्यात. पण शीर्षकगीताचा हक्क वेगळा, तो अजून जिवंत! म्हणून त्या संचांत गाणं काढून कुठलं तरी टिणटिण संगीत चिकटवलेलं. गाणंच नाही, तर ती मालिका कसली? मी असा एक संच ऑनलाइन मागवला, त्यात दोन डिस्कवर एकच भाग निघाले. विक्रेत्याचं उत्तर आजतागायत नाही.

अधिकृत संचाचे पैसे मी का मोजते, तर यासाठी. 'आय लव्ह लुसी' या शीर्षकामागचं ते साटिनवरचं हृदय सगळ्यांना माहीत आहे, पण ते पुनःप्रक्षेपणासाठी नंतर जोडलेलं. मूळ सुरुवातीला लुसी-देसीची रेघांची कार्टून आणि सिगारेटचं पाकीट असायचं. २०१४ च्या ब्ल्यू-रेवर तो मूळ प्रकार पाहता येतो. २०१५ ला दुसरा सीझन आला आणि नंतर कित्येक वर्षं पुढचे आलेच नाहीत. डीव्हीडीवर मालिका पूर्ण आहे, एवढं समाधान.

एक मुद्दा वादाचा आहे, तरी मांडते. 'एमॉस अँड अँडी' (१९५१-५३) कृष्णवर्णीयांचं साचेबद्ध चित्रण करते म्हणून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने तिला कडाडून विरोध केला आणि १९६६ मध्ये सीबीएसने ती प्रक्षेपणातून काढून घेतली. अधिकृत संच आजही नाही, चोरटे मात्र फिरतात. आक्षेप खरा होता, त्यात मला शंका नाही. पण दडवून ठेवल्याने ती जशी आहे तशी, अभ्यासकाच्या टिपणीसकट पाहायची सोय गेली, आणि पैसे चोरटे संच काढणाऱ्यांच्या खिशात गेले.

आपल्याकडे बोलायची सोयच नाही. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचा 'चिमणराव' घराघरात पोचला होता. त्या काळात टेप महाग, जुन्या कार्यक्रमावरच नवा रेकॉर्ड व्हायचा. खाडीत बुडवायचीही गरज पडली नाही.

बाकी, तिकडून कुणाकरवी डिस्क मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा. डिस्क कुठल्या देशांत चालेल ते तिच्या रीजनवर ठरतं. अमेरिकेची डीव्हीडी रीजन १ ची असते, आपली ५. ब्ल्यू-रेला तिकडे ए, इकडे सी. साधा प्लेअर नुसता एरर दाखवतो. मल्टी-रीजन प्लेअर लागतो, आणि माझा आता अखेरच्या घटका मोजतोय. पुण्यात तो दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर इनबॉक्स करा. त्याबदल्यात 'हनिमूनर्स' पाहायला देईन, पण परत करायच्या बोलीवर.