अर्धा कप पाणी

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. शनिवार आहे, कणीक भिजवून ठेवलीय, पण हे लिहिल्याशिवाय पोळ्यांना हात लावणार नाही.

आमच्या फॅमिली ग्रुपवर एका चुलतभावाने (नाव घेत नाही, तो हे वाचणारच आहे) एक रील टाकलंय. जिममधला एक उघडाबंब गडी, पुढ्यात ताटभर अंडी आणि मटण, आणि सांगतोय काय तर फायबरची माणसाला काडीची गरज नाही, जे पचतच नाही ते खायचं कशाला, गुरांना घाला. त्याखाली आमच्या बंधुराजांनी पदरची पानभर प्रस्तावना जोडलीय, आतडी, पूर्वज, कंपन्यांचं कारस्थान, सगळं. चौदा अंगठे आलेत. आत्या, धाकटे काका, आणि नाशिकची वहिनी, जिच्या फ्रीजवर अजून डाएटिशियनचा तक्ता चिकटवलेला आहे, ती सुद्धा! आणि सगळ्यात शेवटी आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जोडलेले हात.

ते हात बघून मात्र मस्तक गेलं. बाकीच्यांचं सोडा हो. पण अण्णा? मागच्या नोव्हेंबरात पोट दगडासारखं होऊन ज्या माणसाने दोन रात्री हॉस्पिटलात काढल्या, तो या उघड्याला हात जोडतो?

मुळात "पचत नाही तर खायचं कशाला" हे ऐकायला फार हुशारीचं वाटतं. आपल्याकडेही फायबरला चोथाच म्हणतात ना, ऊस चावला की थुंकतो तो. नावातच फेकून द्यायचं लिहिलंय. पण आपल्याला पचत नाही म्हणजे कुणालाच पचत नाही असं कुठंय? मोठ्या आतड्यात जी कोट्यवधी जिवाणूंची मागची पंगत बसलेली असते तिचं जेवण तेच. ते खाऊन हे जिवाणू ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावर चालतात. तू मटण खा रे बाबा, मीही खाते, रविवारी पांढरा भात बाजूला सारून खाते, पण मागच्या पंगतीला रिकामी पातेली दाखवायची आणि वर म्हणायचं की ती पंगतच नाही?

डेनिस बर्किट म्हणून एक आयरिश सर्जन होता, युगांडात कंपालाला नोकरीला. या बाबाने आणि त्याच्या सोबत्यांनी चक्क लोकांच्या शौचाची वजनं केली, आणि घास तोंडात गेल्यापासून बाहेर यायला किती तास लागतात तेही मोजलं. 1972 मध्ये छापून आणलं. युगांडातल्या खेड्यातल्या लोकांचा माल इंग्लंडच्या माणसांच्या चौपटीहून जास्त, आणि वेळ निम्म्याहून कमी. (जेवताना वाचत असाल तर सॉरी, पण आमच्या घरात गेलं वर्षभर जेवतानाच हे विषय असतात.) आता त्या लोकांचं चालणं वेगळं, बसणं वेगळं, सगळं श्रेय एकट्या फायबरचं नाही, मान्य. आणि बर्किटने नंतर जगातले निम्मे आजार फायबरच्या खात्यावर टाकले तेही जरा जास्तच झालं. पण म्हणून गुरांना घाला?

रीलवाल्याने एक अभ्यासही दाखवलाय पडद्यावर. सिंगापूरचा, 2012 चा, बद्धकोष्ठाचे 63 पेशंट, फायबर बंद केलं आणि मोकळे झाले. आहे, खरा आहे तो अभ्यास. पण ती सगळी आधीच अडकलेली माणसं होती राजा, ट्रॅफिक जॅममध्ये अजून गाड्या सोडू नका एवढंच त्यातून कळतं, रस्त्यावर गाड्याच नकोत असं नाही. माझी एक मैत्रीण आहे आयबीएसवाली, म्हणजे आतडी कायमची नाजूक असलेली, राजमा आणि कांदा खाल्ला की तिचं पोट नगारा होतं, तिला फायबरचं लेक्चर दिलं तर ती मला मारेल, आणि बरोबरच करेल. तेवढं त्याचं खरं. पुढचं सगळं आपटबार.

(पोळ्या करून आले. मधे दोन कॉमेंट आल्या, "ताई, शांत व्हा". नाही होत.)

आता दुसऱ्या पार्टीकडे वळते, कारण पोळ्या लाटता लाटता माझा राग तिकडे सरकला. फायबर फायबर करून ज्यांनी दुकानं मांडलीयत ते. परवा मॉलमध्ये "हाय फायबर" लिहिलेला बिस्किटाचा पुडा उचलून वाचला. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमात 100 ग्रॅमला 6 ग्रॅम फायबर असलं की असं छापता येतं. आता कोण बसून 100 ग्रॅम बिस्किटं खातंय? चहाबरोबर चार खाल्ली तर दोनेक ग्रॅम, आणि सोबत साखर आणि तेल फुकट. एका बऱ्यापैकी पेरूत त्याच्या तिप्पट सुटतं. पण पेरूवाल्याला पॅकिंग नाही, जाहिरात नाही, आणि पेरूवर हिरवं पान छापलेलं नसतं, असतं ते खरंच पान असतं.

आणि मी तरी काय शहाणी. वर्षानुवर्षं मी कणीक मैद्याच्या चाळणीने चाळत आले. का तर डब्यातली पोळी दुपारपर्यंत मऊ राहायला हवी, चिरंजीवांना लागते. कोंडा डस्टबिनमध्ये. आणि त्याच महिन्याच्या किराणात कोंड्याची बिस्किटं, अण्णांसाठी. आपल्या आज्या कोंड्याचा मांडा करायच्या, मी कोंडा फेकून तोच पुड्यातून विकत आणत होते.

अण्णांचं नीट सांगते आता, कारण ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना "अण्णांना पोटाचं झालं होतं" एवढंच माहितीय, आणि तेवढंच माहीत असावं अशी माझी सोय होती.

अण्णा 78. आई गेल्यावर बार्शीहून आमच्याकडे पुण्याला आले. बार्शीत काय खायचे तर दोन वेळा ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीने फोडून, शेपू नाहीतर मेथी, आमटी. पोट म्हणून काही अवयव असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. आमच्याकडे आले आणि भाकरी सुटली, कारण मला नीट येत नाही आणि बाईंना वेळ नसतो. त्यात कवळी सैल झालेली. कच्चं काही चावेना, पेरू बंद, कांदा बंद. वरणभात, दूधपोळी, केळं. सहा महिन्यांत पोट बसलं. रोज सकाळी तासभर आत, बाहेर येऊन गप्प पेपर वाचायचे, मी विचारायचे झाली का, ते म्हणायचे होईल.

मग मी, शिकलेली लेक, कामाला लागले. फायबर! ओट्स आणले. बिस्किटं आणली. काकडी किसून, गाजर किसून. आणि रात्री झोपताना इसबगोल, दोन चमचे, गच्च भरून, लवकर फरक पडावा म्हणून. अण्णा पाणी पीत नव्हते. का तर प्रोस्टेट, रात्री चार वेळा उठावं लागतं, आणि त्याच्या आधीच्या थंडीत बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं होतं, ती भीती बसलेली. संध्याकाळनंतर पाणी म्हणजे त्यांना शत्रू. मग मी काय केलं, अर्ध्या कपात ते दोन चमचे कालवले. आमच्या चहाच्या कपाचा अर्धा कप. चमचा उभा राहील असं खळीसारखं झालं होतं. अण्णा म्हणाले, "हे प्यायचं का भिंतीला लावायचं?" मी म्हटलं, अण्णा घ्या हो नखरे न करता. घेतलं त्यांनी. रोज घेतलं. लेकीने दिलं म्हणून घेतलं.

आठ दिवसांनी पातळ व्हायला लागलं. आणि मी खूश! म्हटलं सुटलं एकदाचं. नवऱ्याला फोन करून सांगितलं ऑफिसात. ते सुटलेलं नव्हतं हो. आत सगळं दगड होऊन बसलेलं, आणि वरचं पाणी कडेकडेने झिरपत होतं. तिसऱ्या दिवशी पोट फुगून ताठ, उलटी, रात्री साडेअकराला रिक्षा.

डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा लहान. सगळं निस्तरल्यावर बाहेर आले, हात धुतले आणि विचारलं काय काय देत होता. मी अभिमानाने यादी सांगितली, मला वाटलं म्हणतील किती काळजी घेता. ते म्हणाले, "फायबर दिलंत मॅडम, पाणी कोण देणार?"

बस. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचाही हात होता म्हणा, त्यांनी त्या बदलल्या. हो, होता. पण अर्धा कप माझाच.

त्यामुळे आज ते रील बघून मी एवढी का पेटले ते आता लिहिता लिहिता माझं मलाच कळतंय. तो गडी जे म्हणतो ते माझ्या घरात घडलेलं आहे. फायबरनेच अडकलं. तो कॉमेंटमध्ये माझी गोष्ट आनंदाने पिन करून ठेवेल. आणि तरी तो चूक आहे, कारण अण्णांचं पोट सुटलं तेही फायबरनेच, फक्त या वेळी ते कवळीबरोबर आणि पाण्याबरोबर आलं.

कवळी आधी नवीन करून घेतली. तो खर्च मी दोन वर्षं टाळत होते, खरं सांगते, आणि तेवढ्या पैशांची बिस्किटं आणि ओट्स आणून झाले होते. मग खालच्या गल्लीत एक मावशी भाकऱ्या करून विकतात, त्यांच्याकडून रोज चार. अण्णा आमटीत कुस्करून काला करून खातात. एका भाकरीला धरा साठ-पासष्ट ग्रॅम पीठ, ज्वारीत 100 ग्रॅमला दहाच्या आसपास फायबर, म्हणजे दोन भाकऱ्यांत बारा-तेरा ग्रॅम तिथेच झाले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम म्हणते, तेही जेवणातलं. वर डाळ, पालेभाजी, एक फळ, संपला हिशेब. पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नसतं, म्हणून वरणभातावर अण्णा बसले ते बसलेच. आणि ज्वारीवाल्यांनी लगेच मिशीला पीळ देऊ नये, गव्हाच्या न चाळलेल्या पिठातही जवळपास तेवढंच असतं. चाळणी फेकली मी. चिरंजीव आठवडाभर तोंड वाकडं करत होते, आता काही बोलत नाहीत. बहुतेक कँटीनमध्ये खातात.

आणि पाणी. आमच्याकडे आता कायदा आहे, अण्णांचा तांब्या सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत तीनदा भरायचा आणि संपवायचा, सहानंतर घोटभर. म्हणजे रात्रीचं उठणंही कमी. इसबगोल लागलंच तर सकाळी, मोठा ग्लास भरून, कालवलं की लगेच, घट्ट व्हायच्या आत. ज्यांना हार्टमुळे किंवा किडनीमुळे पाणी मोजून आहे त्यांनी माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरला विचारा, मी एकदा डॉक्टर होऊन बघितलंय.

भावा, तू वाचतोयस ना? तुला आतडी तिशीतली मिळालीयत, तू काहीही खा, दगड खा, पचतील. पण ग्रुपवर तुझ्याशिवाय अकरा माणसं साठीच्या पुढची आहेत आणि ती सगळं खरं मानतात. आत्याने दुपारी मला फोन करून विचारलं, भाजी बंद करू का गं म्हणून. काय सांगू मी तिला?

हे सकाळी सुरू केलं आणि आता साडेपाच वाजलेत. मधे एकदा सगळं खोडणार होते, अर्ध्या कपाचं तरी. राहू दे.

पोस्ट करायच्या आधी जाऊन अण्णांना विचारलंच.

"अण्णा, तुम्ही त्या व्हिडिओला हात का जोडलेत?"

"कुठल्या?"

"सकाळच्या. ग्रुपवर आलाय बघा, खाली एवढं मोठं लिहिलंय."

चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिले. "ते होय. अगं एवढं लांबलचक लिहिलेलं, मला वाटलं आपल्यातलं कुणीतरी गेलं."

मी फोन पुढे केला, म्हटलं आता तरी बघा काय आहे ते. म्हणाले, "ते राहू दे. सहा वाजायच्या आत तेवढा तांब्या भरून दे."