वाइड बेल्ट सँडर घेताय? रंग बघून घ्या

दोन सुतार, एक हेल्पर आणि पावसाळ्यात गळणारी भाड्याची शेड एवढं भांडवल जमलं की माणसाला सेकंडहँड वाइड बेल्ट सँडर, म्हणजे सँडपेपरच्या रुंद फिरत्या पट्ट्याने लाकूड घासून सपाट करणारं मशीन, घ्यायची बुद्धी होते, आणि झाली की लगेच घेऊन टाकायचा, रात्र मध्ये गेली तर बुद्धी उतरते.

मशीन बघायला जायची गरजच नाही. विकणारा व्हॉट्सॲपवर 18 सेकंदांचा व्हिडिओ पाठवतो, त्यात काहीतरी फिरतंय, आवाज येतोय, बास झालं की. रंग ताजा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ताज्या हिरव्या रंगाखाली जुनी बेअरिंगं आपोआप नवी होतात.

गेलातच, तर चहा प्या आणि गप्प बसा. काही खवचट लोक एकाच जाडीच्या एमडीएफच्या तीन पट्ट्या घेऊन जातात, एक डाव्या टोकाला, एक मधे, एक उजव्या टोकाला टाकतात आणि बाहेर आल्यावर जाडी मोजायला व्हर्नियर लावून बसतात. असले किडे करू नका, संबंध बिघडतात. मधली पट्टी जाड निघाली तर उगाच कळेल की आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं सगळा माल मधूनच घातलाय आणि बेल्ट लाकडावर दाबणारा रबर रोलर मधेच झिजलाय. तुमच्या टीक प्लायवरचा व्हिनियर, म्हणजे वरचा सागवानाचा पातळ थर, जेमतेम अर्धा एमएम, मधे सागवान राहील, कडांना आतला प्लाय दिसेल, गिऱ्हाइकाला सांगायचं टू-टोन डिझाइन आहे. सारख्या अंतरावर आडव्या रेघा पडत असतील तर त्या तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश मारल्यावर दिसतात, म्हणजे तोवर तुम्ही सुखी.

बेल्ट बाजूला सरकला की मशीन बंद करणारा लिमिट स्विच असतो. तो काढून वायर डायरेक्ट केलेली दिसली तर विकणाऱ्याला शाबासकी द्या, "सारखा ट्रिप व्हायचा साहेब" हे तो अगदी खरं सांगतोय.

बेल्टची लांबी 1900 एमएम आहे का 2620 हेही विचारू नका. मापाचा बेल्ट बाजारात मिळत नसेल तर ऑर्डर देऊन बनवून घ्यायचा, तो येईपर्यंत मशीनला विश्रांती. आणि आलेले बेल्ट घडी घालून ओल्या भिंतीला टेकवून ठेवा, पहिल्याच पावसात जॉइंट सुटतो, आवाज असा येतो की शेजारचा वेल्डिंगवाला पण बघायला येतो.

आता लाइट. मेन मोटर 20 एचपी म्हणजे 15 किलोवॅटच्या आसपास, माल आत सरकवणाऱ्या फीडची वेगळी, भुसा ओढायला डस्ट कलेक्टरची वेगळी, बेल्ट ताणायला हवा लागते म्हणून कंप्रेसर. तुमचं मंजूर लोड 10 एचपी. हे गणित मशीन उतरवल्यावरच करा, आधी केलं तर मशीन येणारच नाही. डस्ट कलेक्टर तर सरळ विसरा, लाकडाची धूळ कॅन्सरकारक आहे असं आयएआरसी या जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 मध्येच छापलं असलं तरी आपल्याकडे रुमाल आहे ना! आणि जोडणीत दोन फेज उलटसुलट झाले तर बेल्ट उलटा फिरतो, त्याच्या पाठीवर बाण छापलेला असतो पण बाण कोण बघतं राव.

दोन टनांची वस्तू हायड्रा क्रेनने येते, शटरची उंची मोजायला टेप शोधत बसू नका, भिंत पाडता येते, मालकाला नंतर सांगू.

आमच्याकडे 1300 एमएम रुंदीची आहे. सुतार अजून हातातल्या छोट्या ऑर्बिटल सँडरनेच घासतात, पण मशीनचा पृष्ठभाग मात्र छान सपाट आहे, चार डबे आणि फेव्हिकॉलची बादली आरामात बसते. खंडेनवमीला फक्त हाराचा खर्च वाढला, नेहमीचा हार एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, दोन जोडावे लागतात.