सरसकट 1 टक्का डेडबँड लावू नका

स्काडाच्या (कारखान्यातली यंत्रं संगणकावरून पाहण्या-चालवण्याच्या यंत्रणेच्या) कामाला नव्याने लागलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो आणि तो पुढे तसाच फिरत राहतो: ‘सगळ्या अ‍ॅनालॉग टॅगना 1 टक्का डेडबँड लावून टाका. 1 टक्का म्हणजे किरकोळ. सर्व्हरवरचा भार उतरतो, नॉईज जातो, अलार्मची कटकट थांबते आणि कामाची माहिती काही हरवत नाही.’ (टॅग म्हणजे यंत्रणेतला एका मापाचा नाव दिलेला आकडा; अ‍ॅनालॉग म्हणजे तापमान, दाब असा सलग बदलणारा; नॉईज म्हणजे सिग्नलची खोटी थरथर.) यातलं भार उतरण्याचं तेवढं खरं आहे. बाकीच्यावर माझा ठाम आक्षेप आहे.

डेडबँडचं काम साधं आहे. शेवटी पाठवलेल्या आकड्यापासून नवा आकडा ठरवलेल्या फरकापेक्षा जास्त सरकला, तरच तो पुढे जातो. नाहीतर स्क्रीनवर जुनाच आकडा राहतो.

‘1 टक्का म्हणजे किरकोळ.’ पण कशाचा 1 टक्का? अनेकांना वाटतं, चालू आकड्याचा. पण ओपीसी यूए या औद्योगिक उपकरणांच्या माहिती-देवाणघेवाणीच्या मानकात टक्केवारीचा डेडबँड टॅगच्या इंजिनिअरिंग रेंजवर, म्हणजे त्याच्या किमान ते कमाल आकड्याच्या पूर्ण पट्ट्यावर मोजला जातो. लसींच्या शीतखोलीचं उदाहरण घ्या. तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राखायचंय, पण ट्रान्समीटर (सेन्सरचं माप सिग्नल करून पाठवणारं उपकरण) उणे 50 ते 150 अंशांवर सेट आहे. रेंज 200 अंशांची, म्हणजे 1 टक्का झाला 2 अंश. सांभाळायचा पट्टा जेमतेम 6 अंशांचा आणि त्यातले 2 आपणच झाकून टाकले! शेवटचा आकडा 7.5 गेला असेल, तर खोली 9.4 वर पोचली तरी स्क्रीनवर 7.5च दिसणार. वरच्या मर्यादेचा अलार्म सॉफ्टवेअर याच आकड्यावरून काढत असेल, तर तोही वाजणार नाही. लस उबेला पडलेली आणि रिपोर्टमध्ये सगळं आलबेल.

अशा टॅगला डेडबँड थेट अंशांत द्यावा. किती, ते दोन टोकांवरून ठरतं. सिग्नलचं आकड्यात रूपांतर करणारं अ‍ॅनालॉग कार्ड 12 बिटांचं असेल तर 200 अंशांचे 4096 भाग पडतात, म्हणजे एक पायरी साधारण 0.05 अंशाची. त्याहून कमी डेडबँड लावून शेवटच्या बिटाची फडफडच साठवली जाते. दुसरं टोक म्हणजे खोली सांभाळणाऱ्याला कळायलाच हवा असा सगळ्यात छोटा बदल. तो अर्धा अंश धरला, तर 0.1 किंवा 0.2 अंश योग्य ठरतो. हा दुसरा आकडा सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, तो प्लांटवरच्या माणसाला विचारावा लागतो. 1 टक्क्याच्या सल्ल्यात नेमकं हे विचारणंच गळून जातं.

(सबस्टेशनवाल्यांनी आणखी जपावं. आयईसी 61850 या वीज-सबस्टेशनच्या संदेशवहनाच्या मानकात डेडबँडचं एकक 0.001 टक्क्याचं आहे. तिथे 1 टक्क्यासाठी 1000 भरावे लागतात.)

‘नॉईज जातो.’ जात नाही. डेडबँड सरासरी काढत नाही, फक्त छोटे बदल अडवतो. सिग्नल खऱ्या आकड्याच्या वरखाली 0.3 ने थरथरतोय आणि डेडबँड 0.5 आहे असं समजा. वरच्या टोकाचा आकडा एकदा गेला की पुढचा जातो तो खालच्या टोकाजवळचा, कारण तेवढाच फरक 0.5 ओलांडतो. साठ्यात शिल्लक राहतात ती टोकं, मधला खरा आकडा नाही. नॉईजसाठी ट्रान्समीटरचं डॅम्पिंग (आकडा सावकाश बदलू देणारी सेटिंग) किंवा पीएलसीतला (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) फिल्टर वापरा, डेडबँड त्यानंतर.

‘अलार्मची कटकट थांबते.’ इथे नावाचा घोळ आहे. अलार्मचा डेडबँड ही वेगळी सेटिंग: 8 ला वाजलेला अलार्म 7.5 खाली आल्याशिवाय उतरत नाही, ती. आयएसए 18.2 या अलार्म-व्यवस्थापनाच्या मानकात तिच्यासाठी सुरुवातीचे आकडे सुचवलेत: प्रवाह आणि पातळीला 5 टक्के, दाबाला 2, तापमानाला 1. सगळ्यांना एकच माप तिथेही नाही.

‘माहिती काही हरवत नाही.’ मला सगळ्यात खटकतं ते हे. एखादा दाब तासभर स्थिर राहून शेवटच्या मिनिटात उसळला, तर साठ्यात दोनच बिंदू असतात: तासापूर्वीचा आणि आत्ताचा. ट्रेंडचा आलेख त्यांना तिरक्या रेषेने जोडतो आणि दाब तासभर हळूहळू चढत होता असं दिसतं. बिघाडाचं कारण शोधणारा मग भलत्याच वेळेकडे बघत बसतो. काही हिस्टोरियन (आकडे वेळेसह साठवणारी सॉफ्टवेअर) म्हणूनच डेडबँड ओलांडणाऱ्या आकड्यासोबत त्याच्या लगेच आधीचा आकडाही साठवतात. ती सोय नसेल, तर ट्रेंड पायऱ्यांचा, म्हणजे पुढचा आकडा येईपर्यंत आधीचाच धरणारा ठेवा. शिवाय बदल नसला तरी ठरावीक वेळाने एक आकडा आलाच पाहिजे असं सेट करा, म्हणजे सरळ रेषा दिसली की खरंच स्थिर आहे की सिग्नल मेलाय ते कळतं.

प्रवाहाचं नुकसान थेट हिशोबात दिसतं. फ्लोमीटर ताशी 0 ते 500 घनमीटरचा असेल तर 1 टक्का म्हणजे 5. शेवटचा आकडा 300 गेला आणि प्रवाह 304 वर दिवसभर स्थिरावला, तर या आकड्यांवरून काढलेल्या बेरजेत 24 तासांत 96 घनमीटर कमी पडतात. व्हॉल्व्ह बंद असताना ताशी 4 घनमीटर गळत असेल, तर स्क्रीनवर शून्यच. आणि टोटलायझरच्या (एकूण बेरीज मोजत जाणाऱ्या) टॅगची रेंज 0 ते 1 कोटी असली, तर पुढचे 1 लाख युनिट जमेपर्यंत आकडा जागचा हलत नाही. त्या टॅगला डेडबँड शून्य ठेवा आणि वाचनाची वेळ वाढवून भार कमी करा.